वॉटसन खोटं बोलतो का, हे तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेरलॉक होम्सच्या कथांत डॉ. वॉटसनची युद्धातली जखम एकदा खांद्यावर आहे, एकदा पायात. त्यावरून तुमच्या वाचनगटातल्या एकाने थिअरी मांडली आहे की वॉटसन अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत (१८८०) गेलाच नव्हता, तो मुळापासून थापाड्या आहे, आणि रायखेनबाखच्या धबधब्यानंतरच्या, म्हणजे होम्स तिथे मेला असं समजल्यावर तो परत आला त्यानंतरच्या, सगळ्या कथा त्याने घरी बसून रचल्या. ही थिअरी टिकते का, आणि स्वतःची थिअरी लिहायची तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलं आहे.

जखमेवर उभी केलेली थिअरी टिकत नाही. वॉटसनवर संशय घेण्यासारख्या जागा मात्र या कथांत आहेत, आणि त्यातल्या एकदोन तर जखमेपेक्षा कितीतरी भक्कम आहेत. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: कथेत विसंगती सापडली की ती कुणाच्या खात्यावर टाकायची? लेखकाच्या, छापखान्याच्या, निवेदकाच्या, की निवेदक ज्याचं बोलणं सांगतोय त्याच्या? हे ठरवल्याशिवाय 'बेभरवशाचा निवेदक' म्हणणं म्हणजे पंचनामा न करताच आरोपपत्र ठेवणं.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती आधीच सांगतो. या विषयात दोन वेगळे खेळ चालतात. एकात होम्स आणि वॉटसन खरी माणसं मानायची, आर्थर कॉनन डॉयल हा वॉटसनचा केवळ साहित्यिक दलाल, आणि प्रत्येक विसंगतीला त्या जगातलंच कारण शोधायचं. रोनाल्ड नॉक्सने १९११ साली ऑक्सफर्डमध्ये वाचलेल्या निबंधापासून हा खेळ रुळला. बायबलच्या चिकित्सक अभ्यासाची ती टिंगल होती, आणि गंमत म्हणजे टिंगलच पुढे परंपरा झाली. दुसरा खेळ साध्या समीक्षेचा: डॉयलने काय लिहिलं, का लिहिलं, वाचकाला काय दाखवायचं होतं. दोन्ही खेळ चांगले आहेत. पण खो-खो खेळताना मध्येच कबड्डीचा दम धरता येत नाही. पहिल्या परिच्छेदात 'वॉटसन खोटं बोलला' आणि तिसऱ्यात 'डॉयलला पैशांची गरज होती' असं ज्या थिअरीत येतं, ती तिथेच बाद होते. लेखाच्या पहिल्या ओळीत कुठला खेळ खेळताय ते लिहून टाका.

आता जखमेकडे वळू. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये (१८८७) जेझेल या लांब नळीच्या अफगाण बंदुकीची गोळी खांद्याला लागते, हाड फुटतं, गळपट्टीच्या हाडाखालच्या धमनीला ती चाटून जाते. 'द साइन ऑफ फोर'मध्ये (१८९०) वॉटसन दुखरा पाय चोळत बसलाय, आणि गोळी पायातून आरपार गेली होती असं सांगतोय. 'द नोबल बॅचलर'मध्ये (१८९२) गोळी 'एका अवयवात' आहे, आणि आठवण म्हणून ती अजून आतच आहे. म्हणजे जखम नुसती खांद्यावरून पायात उतरली नाही, आरपार गेलेली गोळी परत आतही आली. भरीला 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीच्या शेवटी हाच गृहस्थ आपण धावण्यात तरबेज समजले जातो असं सांगून दलदलीच्या माळावर पळतो.

हा पुरावा थिअरीला का पुरत नाही? खोटं बोलणाऱ्याला काहीतरी मिळवायचं असतं. खांद्याऐवजी पाय सांगून वॉटसनला काय मिळालं? काहीच नाही. शिवाय थापाड्या माणूस आपली थाप लक्षात ठेवतो, किमान ठेवायचा प्रयत्न करतो. बेफिकिरीने जागा बदलतो तो ज्याला त्या तपशिलाचं काही पडलेलंच नाही. हे वर्णन डॉयलला अचूक लागू पडतं. पहिली कादंबरी लिहून झाल्यावर दुसरी लिहिताना मध्ये तीन वर्षं गेली होती, आणि त्याचा जीव त्याच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत होता. तिसऱ्या वेळचं ते मोघम 'एका अवयवात' मात्र बघण्यासारखं आहे. तिथे लेखकाला आपली गडबड समजली असावी आणि त्याने शिताफीने अंग काढून घेतलं असावं, असा वास येतो. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही.

म्हणून मी नेहमी बाहेरून आत येतो. आधी छापखाना आणि संपादक, मग लेखक, मग निवेदक, मग निवेदकाने ज्याचं बोलणं उद्धृत केलंय तो माणूस. सगळ्यात स्वस्त स्पष्टीकरण आधी वापरून बघायचं. ते पुरलं नाही तरच पुढच्या पायरीवर जायचं.

छापखान्याच्या पायरीवर किती थिअऱ्या गळतात बघा. 'द फाइव्ह ऑरेंज पिप्स' १८९१ साली स्ट्रँड मासिकात आली तेव्हा वॉटसनची बायको आईकडे गेलेली होती. आता 'साइन ऑफ फोर'मध्ये त्या बायकोची, मेरीची, आई वारलेली आहे. त्यावर 'वॉटसनची ही दुसरीच बायको', 'बायको खोटं सांगून कुठेतरी गेली' इथपर्यंत थिअऱ्या आहेत. नंतरच्या काही आवृत्त्यांत मात्र 'आई'च्या जागी इंग्रजी 'आँट' आली. म्हणजे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि दुरुस्ती झाली. दुरुस्तीही अर्धीच, कारण आपले इंग्लंडमध्ये कुणीच नातेवाईक नाहीत असं मेरीने स्वतः सांगितलेलं आहे. (मराठी अनुवादकाची इथे आणखी पंचाईत: मावशी, आत्या, काकू की मामी? त्याने जे निवडलं त्यावर थिअरी रचू नका.)

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. होम्स वॉटसनच्या नजरेवरून त्याच्या मनातले विचार ओळखतो, तो प्रसंग काही आवृत्त्यांत दोन कथांत जवळजवळ शब्दशः सापडतो: 'द कार्डबोर्ड बॉक्स' आणि 'द रेसिडेंट पेशंट'. 'एकच आठवण दोन ठिकाणी चिकटवली, म्हणजे वॉटसन रचतोय' असं कुणालाही वाटेल. कारण अगदी रुक्ष आहे. 'कार्डबोर्ड बॉक्स' ही कथा १८९३ साली मासिकात आली, पण पुस्तकाच्या इंग्लंडमधल्या आवृत्तीतून ती वगळली. प्रसंग चांगला होता म्हणून तो उचलून दुसऱ्या कथेत घातला. पुढे मूळ कथा १९१७च्या संग्रहात परत आली, आणि एकच प्रसंग दोन घरी राहायला लागला. इथे वॉटसनचा काही संबंध नाही.

तारखांच्या बाबतीत मात्र 'छपाईची चूक' म्हणून मोकळं होण्याआधी बेरीज करून पाहा. 'द रेड-हेडेड लीग'मध्ये जाहिरात २७ एप्रिल १८९० ची आहे, ती पाहून वॉटसन म्हणतो, बरोबर दोन महिन्यांपूर्वीची. लीग बंद झाल्याची पाटी ९ ऑक्टोबर १८९० ची, आणि ती पाटी वाचून माणूस थेट होम्सकडे आलाय. मधे साडेपाच महिने होतात, दोन नव्हे. नेहमीची सफाई अशी की हस्ताक्षर वाईट होतं, ऑगस्टचं एप्रिल झालं. करून बघा: २७ ऑगस्टपासून दोन महिन्यांचे आठ आठवडे मोजले की २२ ऑक्टोबर येतो. म्हणजे महिना बदलून भागत नाही, दिवसही बदलावा लागतो. त्यातच होम्स 'आज शनिवार' म्हणतो, आणि ९ ऑक्टोबर १८९० हा गुरुवार होता. एका दुरुस्तीने जुळत नाही, तीन कराव्या लागतात. अशा ठिकाणी मी थिअरी करत नाही. लेखकाने पंचांग उघडलं नव्हतं एवढंच लिहितो. दुरुस्त्यांची संख्या मोजणं ही साधी सवय आहे, पण निम्म्या थिअऱ्या त्यातच निकालात निघतात.

लेखकाच्या पायरीवरचं एक उदाहरण आपल्या वाचकांना इंग्रज वाचकाच्या आधी खुपतं. 'साइन ऑफ फोर'मध्ये पकडलेला गुन्हेगार जोनाथन स्मॉल आग्र्याच्या किल्ल्यातली हकिगत सांगतो. त्याच्या हाताखाली दोन शीख शिपाई दिले होते, आणि त्यांची नावं महोमेट सिंग आणि अब्दुल्ला खान. आपण तिथेच थांबतो. स्मॉल खोटं बोलतोय का? वॉटसनने नावं चुकीची उतरवली का? तपासून पाहा. स्मॉलने त्यांच्याबरोबर खजिन्याची शपथ घेतली, जन्मठेप भोगली, त्यांची नावं कागदावर लिहून ठेवली. त्याची चूक होणं अवघड. तो थाप मारत असेल तर ऐकणाऱ्यांपैकी कुणाची तरी भुवई उंचावायला हवी होती. खोलीत होम्स बसलाय, अफगाण युद्धावर जाऊन आलेला वॉटसन बसलाय, कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणजे हे अज्ञान लेखकाचंच. 'स्पेकल्ड बँड'मधला साप याच जातीचा: भारतातला सर्वांत विषारी म्हणून सांगितलेला, बशीतलं दूध पिणारा, शिट्टी ऐकून दोरावरून परत चढणारा. नागपंचमीला दुधाची वाटी ठेवणाऱ्यांनाही आता माहीत आहे की साप दुधावर जगत नाही.

मग निवेदक खरोखर बेभरवशाचा आहे हे केव्हा म्हणायचं? मी तीन गोष्टी मागतो. एक, हेतू: लपवून किंवा बदलून निवेदकाला काय मिळतं. दोन, वाट: ती माहिती वाचकापर्यंत फक्त त्याच्याच तोंडून येते का, की दुसरीकडूनही तपासता येते. तीन, खूण: लेखकाने वाचकाला डोळा मारला आहे का.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते, आणि डॉयलच्या बाबतीत तिला उत्तम मोजपट्टी उपलब्ध आहे. याच लेखकाने, याच स्ट्रँड मासिकात, बेभरवशाचा निवेदक मुद्दाम रंगवलेला आहे: ब्रिगेडियर जेरार, नेपोलियनच्या घोडदळातला बढाईखोर. एका कथेत तो इंग्रजांच्या कोल्ह्याच्या शिकारीत घुसतो आणि तलवारीने कोल्हा कापतो. शिकारीत याहून मोठा अपराध नाही. इंग्रज घोडेस्वार संतापाने ओरडतायत, आणि जेरारला वाटतं ते आपलं कौतुक करतायत. वाचकाला सगळं दिसतं, निवेदकाला काही दिसत नाही. डॉयलला बेभरवशाचा निवेदक लिहायचा असला की तो असा लिहितो: मोठ्या अक्षरांत, हसत हसत. वॉटसनच्या कथांत अशी खूण कुठे आहे ते शोधा. जखमेच्या उल्लेखात ती नाही.

काही ठिकाणी मात्र वॉटसन आपल्या हाताने सही करून सांगतो की मी लपवतोय. 'चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन'च्या सुरुवातीलाच तो तारीख आणि खुणेचे तपशील दडवल्याची कबुली देतो, आणि त्या कथेत होम्स आणि तो स्वतः रात्री घर फोडून आत शिरतात. म्हणजे हेतू आहे, खूण आहे, सगळं आहे. 'द सेकंड स्टेन'मध्ये वर्षच काय, दशकही सांगत नाही. हे जाहीर लपवणं आहे आणि थिअरीसाठी तेच खरं कच्चं सामान. जिथे निवेदक 'मी बदललं' म्हणतो, तिथे 'नेमकं काय बदललं' हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आपोआप मिळतो. मिल्व्हर्टनला ज्या स्त्रीने गोळ्या घातल्या ती खरंच होती का, या जुन्या शंकेला मी म्हणून मान देतो: पडद्यामागे उभे असलेले दोघे सोडून तिला कुणी पाहिलेलं नाही, आणि ते दोघेही घरफोडीचे गुन्हेगार आहेत.

'वाट' कशी तपासायची ते मोरियार्टीच्या थिअरीवर सविस्तर दाखवतो, कारण माझ्या मते या मालिकेतली ती सर्वांत सशक्त आहे. थिअरी अशी: प्रोफेसर मोरियार्टी हा गुन्हेगारांचा राजा नव्हताच, ते होम्सच्या डोक्यातलं भूत होतं, वॉटसनने ते प्रामाणिकपणे उतरवलं. 'द फायनल प्रॉब्लेम' (१८९३) हातात घ्या, आणि वॉटसनने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं एवढंच एका कागदावर लिहा. होम्सची सोललेली बोटं. व्हिक्टोरिया स्टेशनवर गर्दीतून वाट काढत हात हलवणारा एक उंच माणूस. कॅंटरबरीला सामानाच्या ढिगाआड लपलेले असताना धडधडत गेलेलं इंजिन आणि एक डबा. धबधब्याच्या वाटेवर हिरव्या उतारावर झपझप चालणारी एक काळी आकृती. शेवटी पावलांचे ठसे आणि होम्सचं पत्र. संपलं. बेकर स्ट्रीटवरची ती प्रसिद्ध भेट होम्सने सांगितलेली. स्ट्रासबर्गला लंडन पोलिसांची तार येते. होम्स ती फोडतो, शिवी हासडून शेकोटीत भिरकावतो आणि 'तो निसटला' असं सांगतो. तार वॉटसनने वाचलेलीच नाही. कथेच्या शेवटी तो लिहितो की टोळीवर खटला झाला, पण तिच्या म्होरक्याविषयी फारसं काही बाहेर आलं नाही.

एवढ्यावर लोक 'मोरियार्टी अस्तित्वातच नव्हता' असं लिहून मोकळे होतात, आणि तिथे त्यांचा पाय घसरतो. 'द व्हॅली ऑफ फिअर'मध्ये (१९१४–१५) इन्स्पेक्टर मॅकडोनल्ड मोरियार्टीला प्रत्यक्ष भेटून आलाय. प्रोफेसरने दिवा आणि पृथ्वीचा गोल घेऊन त्याला ग्रहणं समजावून सांगितली, वाचायला पुस्तक दिलं, निघताना वडीलधाऱ्यासारखा खांद्यावर हात ठेवला. म्हणजे माणूस होता. पण पाहा, या साक्षीने थिअरी मेली नाही, तिचा आकार बदलला: माणूस होता, गुन्हेगार होता याला आधार काय? मॅकडोनल्डचं मत असं की होम्सच्या डोक्यात या प्रोफेसरविषयी भलताच किडा शिरलाय. होम्सचा ठोस पुरावा म्हणजे वर्षाला सातशे पौंड पगार असलेल्या माणसाच्या भिंतीवर ग्रझ या फ्रेंच चित्रकाराचं महागडं चित्र. कादंबरीच्या शेवटी येणाऱ्या खिजवणाऱ्या चिठ्ठीवर ना मायना, ना सही.

आता खर्च मांडा, म्हणजे ही थिअरी मानायची तर कथेतलं काय काय फेकून द्यावं लागतं ते. पोरलॉक नावाच्या खबऱ्याचा सांकेतिक संदेश आधी येतो आणि मागोमाग मॅकडोनल्ड स्वतंत्रपणे त्याच खुनाची बातमी आणतो, तेव्हा खबऱ्या खरा मानावा लागतो. 'द एम्प्टी हाउस'मधला कर्नल मोरान, होम्सच्या मते मोरियार्टीचा उजवा हात, एअरगनसह रंगेहाथ पकडला जातो, तोही खरा. पण या दोघांना मोरियार्टीशी जोडणारा धागा पुन्हा होम्सच्याच हातात आहे. थिअरीला फारसं काही फेकून द्यावं लागत नाही. ती लंगडी पडते ती हेतूवर. निरपराध गणितज्ञाला दरीत ढकलून तीन वर्षं परागंदा व्हायचं, इतकं होम्सला काय मिळवायचं होतं? ज्याला पटेल असा हेतू सापडेल त्याने ही थिअरी जरूर लिहावी. एक पथ्य पाळा: 'फायनल प्रॉब्लेम'मध्ये वॉटसन मोरियार्टीचं नाव कधीच ऐकलं नसल्याचं सांगतो, आणि त्याआधीच्या काळात घडणाऱ्या 'व्हॅली ऑफ फिअर'मध्ये त्याला सगळं ठाऊक आहे. यातलं एक तुम्ही खरं मानलं, तर दुसरीतले सोयीचे तपशील वापरण्याआधी तेवढं कारण द्यावं लागेल. अंगठीचा खडा आवडला म्हणून तेवढाच काढून घेता येत नाही.

तुमच्या मित्राच्या थिअरीचा दुसरा भाग, म्हणजे परतल्यानंतरच्या कथा वॉटसनने रचल्या, हा त्याचा शोध नाही. नॉक्सच्याच निबंधातला निष्कर्ष आहे. तिला पोषक गोष्टी आहेत. होम्स ४ मे १८९१ पासून १८९४ च्या वसंतापर्यंत गायब असताना 'विस्टेरिया लॉज' (१९०८) सरळ मार्च १८९२ मध्ये घडते. पण नॉक्सने लिहिलं तेव्हा शेवटचा संग्रह आलेला नव्हता. १९२६ साली आलेल्या दोन कथा, 'द ब्लाँच्ड सोल्जर' आणि 'द लायन्स मेन', होम्स स्वतः सांगतो, आणि पहिलीत वॉटसन लग्न करून आपल्याला सोडून गेला ही त्याची एकमेव स्वार्थी कृती, अशी कुरकूरही करतो. रचणाऱ्या वॉटसनने हे होम्सच्या तोंडी का घातलं? 'खरं वाटावं म्हणून' असं उत्तर लगेच येईल. मग विरुद्ध पुरावाही थिअरीच्याच बाजूने वळवला जातो, आणि तिला मोडेल असं काही उरत नाही. लिहायला बसण्यापूर्वी एका ओळीत लिहून ठेवा: कथेत अमुक सापडलं तर माझी थिअरी चूक. ती ओळ लिहिता येत नसेल तर थिअरी अजून झालेली नाही.

तृतीयपुरुषी निवेदनाच्या दोन कथा, 'हिज लास्ट बो' (१९१७) आणि 'द मॅझरिन स्टोन' (१९२१), या 'दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्या' असं म्हणणारे बरेच भेटतात. 'मॅझरिन स्टोन' डॉयलच्याच एका एकांकिकेवरून केलेली आहे, म्हणून सगळं एका खोलीत घडतं, पात्रं रंगमंचावर यावीत तशी येतात-जातात, आणि वॉटसनला सांगायला जागाच नाही. कथा फसली आहे हे मलाही मान्य. पण फसलेली कथा म्हणजे दुसऱ्याची कथा असं नसतं.

लेखकत्वाचा खराखुरा घोळ एकदा झाला, तो उलट दिशेने. डॉयलच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदांत 'द मॅन हू वॉज वाँटेड' नावाची टंकलिखित होम्सकथा सापडली, आणि १९४८ साली ती डॉयलच्या नावाने छापलीही गेली. ती मुळात आर्थर व्हिटेकर नावाच्या वास्तुविशारदाची होती. त्याने ती फार पूर्वी डॉयलकडे पाठवली होती आणि डॉयलने थोडे पैसे देऊन ठेवून घेतली होती. कागद लेखकाच्या घरात सापडला, एवढ्याने तो लेखकाचा ठरत नाही. 'बास्करव्हिल' डॉयलने मित्र फ्लेचर रॉबिन्सनकडून चोरली, अशी उठणारी वावटळही याच दृष्टीने बघा: कथेची कल्पना, कथानकातली मदत आणि स्थानिक तपशील यांचं श्रेय डॉयलने १९०१ साली पहिल्याच हप्त्याच्या तळटीपेत दिलेलं आहे. चोरी करणारा पहिल्या पानावर पावती चिकटवत नाही.

लेखकत्वावर काही म्हणायचंच असेल तर संगणकाने शब्दमोजणी करता येते. मूळ इंग्रजी पाठ घ्या, डिजिटल प्रतीच्या पुढे-मागे असलेली परवान्याची पानं कापा, नाहीतर यंत्र परवान्याचीच शैली ओळखत बसेल. संवाद आणि निवेदन वेगळं करा. सर्वांत जास्त येणारे शंभर ते तीनशे शब्द मोजा. ते बारीकसारीक जोडशब्द असतात आणि लिहिणाऱ्याचं तिकडे लक्ष नसतं, म्हणून कामाचे. तुलनेला वॉटसनच्याच कथा पुरत नाहीत: जेरार आणि डॉयलचाच आणखी एक नायक प्रोफेसर चॅलेंजर यांच्या कथाही घाला, म्हणजे 'निवेदक बदलला' आणि 'लेखक बदलला' यांतला फरक दिसेल. पाचेक हजार शब्दांपेक्षा लहान तुकड्यावर निकाल देऊ नका. आणि हे मराठी अनुवादावर अजिबात करू नका; मोजला जाईल तो अनुवादक.

अनुवादाचं निघालंच आहे तर, तुम्ही संक्षिप्त मराठी आवृत्ती वाचून प्रश्न विचारलाय असं तुमच्या उताऱ्यांवरून वाटतं. संक्षेप करताना पहिला बळी जातो तारखांचा आणि 'माझा पाय दुखत होता'सारख्या वाक्यांचा, म्हणजे नेमक्या आपल्या पुराव्याचा. मजा म्हणून मराठीत वाचा, पण टिपण इंग्रजी पाठावरून काढा, शक्य तर दोन आवृत्त्या शेजारी ठेवून. टिपणाला वहीत पाच रकाने पुरतात: कथा आणि प्रकाशनवर्ष; विधान; कोण सांगतो; त्याला ते कसं कळलं; दुसरीकडून दुजोरा आहे का. चौथा रकाना भरताना कंटाळा येतो आणि थिअरी बहुतेक वेळा तिथेच सापडते. एकूण ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या आहेत; सगळ्या एकदम घेऊ नका. एकच प्रश्न धरून आठ-दहा कथांचा तक्ता करा.

मैवंदचा संशय सोडायचा नसेल, तर जखम बाजूला ठेवा आणि पहिल्या कादंबरीची पहिली दोन पानं परत वाचा. वॉटसन मुंबईला उतरतो, पलटण पुढे गेलेली असते, तो कंदाहारला जाऊन तिला गाठतो. २७ जुलै १८८० ला मैवंदला जखमी होतो, मरे नावाचा अर्दली त्याला घोड्यावर घालून इंग्रजांच्या हद्दीत आणतो. तिथून जखमींच्या तांड्याबरोबर त्याची रवानगी होते ती पेशावरच्या इस्पितळात. कंदाहारची फौज ये-जा करायची क्वेट्टा आणि सिंधच्या बाजूने. पेशावर खैबरच्या तोंडाशी, काबूलच्या वाटेवर. शिवाय ऑगस्टभर कंदाहारला वेढा होता. इंग्रज सेनापती रॉबर्ट्स काबूलहून कूच करून आला तेव्हा वेढा उठला. मग हा जखमी माणूस पेशावरला पोचला कुठून? आणि १९२२ च्या 'थॉर ब्रिज'मध्ये बँकेत ठेवलेल्या त्याच्या पत्र्याच्या पेटीवर 'लेट इंडियन आर्मी', म्हणजे 'पूर्वी भारतीय लष्करात', असं रंगवलंय, तर पहिल्या कादंबरीत तो ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय खात्यातला आहे, ते का? १८८६ साली पोर्टस्मथजवळ दवाखाना चालवत लिहिणाऱ्या, तोवर भारत न पाहिलेल्या डॉयलला पेशावर हे नाव तेवढं ठाऊक होतं, हे स्वस्त उत्तर समोर उभं आहेच. तुमच्या मित्राच्या थिअरीला हरवायचं आहे ते या उत्तराला. नकाशा उघडा, कंदाहारवर बोट ठेवा आणि रकाने पाडायला घ्या.